मायची माता करू नका

हुडकेश्वर रोडवरच्या एका लेआउटात किरायाची खोली. तिघं पोट्टे, एक शेगडी. एकाच्या हातात त्याच्या कॉलेजचा नवा वार्षिकांक. त्यात त्याची कविता छापून आलेली. चेहरा मात्र मयतीहून आल्यावानी. "काहून बे?" म्हटलं. तो म्हणे, "वाचून पाह्य."

वाचली. त्यानं लिहिलं होतं, 'मायच्या हाताले भेगा हायेत.' छापलं होतं, 'मातेच्या हातांना भेगा आहेत.' माय बंगल्यात भांडी घासते आणि तिचा चहाचा कप वेगळा, खिडकीत उपडा ठेवलेला असतो, त्या चार ओळी गायब. विचारलं तर संपादक सर म्हणाले, "भाषा शुद्ध केली. वार्षिकांकात वाद नको."

शुद्ध! हा शब्द आमच्या बापजाद्यांनी पाणवठ्यावर ऐकला, देवळाच्या पायरीवर ऐकला. आता आम्ही तो कवितेवर ऐकतो. तेव्हाही आमचा स्पर्श पुसायचा होता, आताही तेच.

मित्रांनो, फीची पावती काढून पाहा. वार्षिकांकाचे पैसे त्यात लावलेले असतात. स्कॉलरशिपवाल्या पोराचे सरकार भरतं, म्हणजे जनता भरते. कागद आपला, शाई आपली. पहिली पानं पदाधिकाऱ्यांच्या फोटोंना, शुभसंदेशांना. आणि वादग्रस्त कोण? तर आपली माय! अंकातलं पान हे कोणी घातलेली भीक नाही. तो हिस्सा आहे.

हा खेळ जुनाच. १९२० साली 'मूकनायक' निघाला तेव्हा 'केसरी'नं त्याची जाहिरात पैसे देऊनही छापली नाही. बाबासाहेब त्यांच्या दारात बसून राहिले नाहीत. त्याआधी १८८५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी ग्रंथकार सभेचं आमंत्रण धाडलं, तर जोतीरावांनी पत्र लिहून ते नाकारलं. आपल्या नागपुरात किसन फागूजी बनसोड्यांनी 'मजूर पत्रिका', 'चोखामेळा' ही पत्रं काढली. कोणाची परवानगी मागितली होती?

मग कॉलेजचा अंक सोडून द्यायचा? नाही! गंगाधर पानतावणे याच नागपूरचे. औरंगाबादला बाबासाहेबांच्या मिलिंद महाविद्यालयात ते शिकवायला गेले आणि तिथल्याच वातावरणातून १९६० नंतरच्या दशकात 'अस्मिता' निघालं, पुढं त्याचं 'अस्मितादर्श' झालं. खेड्यापाड्यांतली पोरं त्यात पहिल्यांदा छापून आली. कॉलेजच्या आवारात साहित्य जन्मतं. फक्त तिथं माय मायच राहिली पाहिजे.

आता आपलंही माप काढू. सूर्य, मशाल, क्रांती हे तीन शब्द फेकले की कविता होत नाही गड्या. परत आलेली प्रत्येक कविता जातीपायीच परत येते असंही नाही. काही कच्च्याच असतात. आपल्या हाती अंक आला तर आपणही सोवळे संपादक होऊ शकतो. म्हणून कारण मागा, लेखी मागा. कारण पटलं तर कविता पुन्हा लिहा. 'वाद नको' हे कारण नव्हे, ती भीती आहे.

साहित्य देताना एक प्रत स्वतःजवळ ठेवा. वर ठळक लिहा : मला विचारल्याशिवाय शब्द बदलू नये. पोच घ्या. संपादक मंडळात विद्यार्थी कोण, त्यांना कोणी नेमलं, निवड कोणी केली, हे विचारा. एकट्यानं नाही, दहा जणांनी मिळून विचारा. तरी नाही छापलं, तर झेरॉक्सचं दुकान काही दूर नाही.

त्या पोट्ट्यानं तेच केलं. कविता होती तशी, हातानं लिहून, पन्नास प्रती. हुडकेश्वर ते दीक्षाभूमी वाटत गेला. पहिली प्रत मायला वाचून दाखवली. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "कपाचं लिव्हलं, बरं केलं."

यापेक्षा मोठा अभिप्राय कोणत्या वार्षिकांकात छापून येणार आहे?