फेव्हिकॉल असताना सांधे कशाला?

फर्निचरचा विषय निघाला की हल्ली एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. फेव्हिकॉल लाकडापेक्षा मजबूत, वर दोन स्क्रू पिळले की काम फत्ते. मग खाचा पाडा, कुसू कोरा, हे सोपस्कार हवेत कशाला? पूर्वी चांगला गोंद नव्हता म्हणून सुतार पटाशी घेऊन बसत, आता ती गरज संपली, असा एकूण सूर.

पहिले विधान अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच फसवे. दोन फळ्या लांबीच्या कडेने, तंतू समांतर ठेवून चिकटवल्या तर जोर लावल्यावर बहुधा शेजारचे लाकूड फाटते, जोड शाबूत राहतो. पण खुर्चीत असा जोड असतो कुठे? तिथे आडव्या पट्टीचे टोक पायाच्या अंगाला भिडते. टोकाकडून लाकूड म्हणजे उघड्या नळ्यांचा जुडगा. तो गोंद पिऊन टाकतो. चिकटायला जागाही पट्टीच्या छेदाएवढीच. माणूस मागे रेलला की नेमका मागच्या पायाचा हा सांधा ताणला जातो. स्क्रूचेही तेच: टोकातून तंतूंच्या दिशेने शिरलेल्या स्क्रूची पकड कमीच असते. आता पट्टीच्या टोकाला तिच्या एक-तृतीयांश जाडीचे कुसू कोरून ते पायातल्या खाचेत घट्ट बसवा. गोंदाला कुसवाच्या दोन्ही अंगांचा रुंद, सपाट पृष्ठभाग मिळतो आणि हिसके कुसवाच्या बुडाशी उरलेले पट्टीचे खांदे झेलतात. ज्या फेव्हिकॉलचे गोडवे गायले जातात, त्याला गुण दाखवायला जागा कुसूच करून देते!

आणि सांध्याचे काम केवळ धरून ठेवण्याचे असते, हे तरी कोणी ठरवले? लाकूड तोडल्यावरही हवेतला ओलावा घेते आणि सोडते. लांबीत ते जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र बदलते. सागासारखे तुलनेने शांत लाकूड घेतले तरी फूटभर रुंद फळी उन्हाळा आणि पावसाळा यांत दोन-तीन मिलिमीटर कमी-जास्त होऊ शकते. कोकणातल्या घरात आषाढात कपाटाचे खण अडकतात ते यामुळेच. अशी फळी चारही बाजूंनी गोंद लावून जखडली, तर ती फुगताना चौकट उघडते, नाही तर आकसताना स्वतः चिरते. गोंद जितका पक्का, तितकी चीर नक्की. जुन्या दारांच्या चौकटीत मधली फळी खोबणीत नुसती सरकवलेली असते, मुद्दाम न चिकटवता, थोडी मोकळी जागा ठेवून. ती पिढ्यान्‌पिढ्या न फाटता उभी राहते.

‘चांगला गोंद नव्हता’ हेही खरे नाही. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस प्राचीन इजिप्तचे सुतारही वापरत. उष्णता आणि पाणी लावले की तो सुटतो, म्हणून खिळखिळी झालेली खुर्ची उकलून पुन्हा जोडता येते. वाळलेल्या फेव्हिकॉलवर नवा फेव्हिकॉल नीट धरत नाही. आधी सगळे खरवडून काढावे लागते. सांधेही असेच फार जुने: जर्मनीत लायप्सिगजवळ सात हजार वर्षांपूर्वीच्या ओकच्या विहिरी सापडल्या. दगडी हत्यारांनी केलेल्या त्या कामातही कुसू आणि खाच आहेत.

मात्र दुसऱ्या टोकाच्या सोवळ्या मंडळींचीही बाजू मला घेता येत नाही. खिळा दिसला की काम बाटले, असे मानून ते जपानी देवळांचा दाखला देतात. पण जपानच्या होर्यूजी मंदिरातही हातघडणीचे लोखंडी खिळे आहेत. प्लायवूडमध्ये थर एकमेकांना आडवे असल्याने ते फारसे हलत नाही. तिथे कुसू कोरणे म्हणजे हौस. स्वयंपाकघरातल्या प्लायच्या कपाटाला स्क्रू खुशाल लावा. पार्टिकल बोर्डाचे तेवढे सांगायला हवे: फिरवून अडकवायचे कॅम लॉक जोडायला सोपे, पण दोन-चारदा खोलून जोडले की आतला भुसा सुटतो. अकरा महिन्यांच्या करारावर घरे बदलणाऱ्यांच्या वाट्याला नेमके हेच येते.

मजुरी वाढते, हा एक आक्षेप मात्र खरा आहे. हाताने चांगला सांधा करायला वेळ लागतो आणि त्या वेळेचे पैसे द्यावे लागतात. पण अस्सल सागाला भरमसाट दर मोजायचा आणि सांध्याच्या मजुरीत काटकसर करायची, हा उलटा हिशोब आहे. तेव्हा सागाची खुर्ची किंवा पलंग करून घेणार असाल, तर पॉलिश चढण्याआधी एकदा सुताराकडे जा आणि सांधे पाहा. टोकाला नुसता फेव्हिकॉल आणि दोन स्क्रू दिसले, तर ते काम परत करा.