अगं, वजन टाक!

"सॉरी, लागलं का?" ब्राझिलियन जिऊ-जित्सूच्या क्लासमध्ये माझं हे पालुपद! समोरचा पाठीवर पडून पायांनी अडवतो, तो गार्ड. तो ओलांडायला सध्या 'ओव्हर-अंडर पास' शिकतेय. याच पाससाठी ओळखला जाणारा बर्नार्डो फारिया २०१५मध्ये ओपन वेटचा विश्वविजेता झाला. एक हात एका पायावरून, दुसरा दुसऱ्याखालून, खांदा पोटावर. गुडघे टेकले तर वजन मॅटला जातं. चवड्यांवर राहिलं, तर समोरच्यावर.

काल सर ओरडले, "अगं, वजन टाक की!" लहानपणापासून 'अंग चोरून बस' ऐकलेली मी. पण टाकले सगळे ५७ किलो. पाय सुटले! पार्टनर हसला, "आज कळलं, तू आहेस."

उद्या थकलेल्या मानधनासाठी एका संपादकांना फोन करायचाय. सुरुवात 'सॉरी'ने नाही!