सातबाऱ्यावर फुफीचं नाव कुठे आहे?

अब्बा गेल्यानंतर वारस नोंदीसाठी मी पुण्याहून गडमुडशिंगीला गेलो. डिजिटल सहीचा सातबारा आधीच ऑनलाइन काढला होता. शेत २ एकर १६ गुंठे, नावं दोन: अब्बा आणि चाचा. मला दोन फुफी. त्यांची नावं कुठेच नव्हती. चाचांना विचारलं, तर म्हणाले, "त्यांनी कधी मागितलं का?"

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. प्रोग्रॅममधली एखादी ओळ अशी का आहे हे कळेना, तर ती कोणी आणि कधी बदलली याचा इतिहास उघडायचा, ही आमची सवय. जमिनीच्या बाबतीतही तेच करता येतं. सातबारा म्हणजे आजची स्थिती. ती कशी झाली, हे गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवहीत असतं. सातबाऱ्यावर फेरफारांचे क्रमांक दिलेले असतात. एकेक क्रमांक धरून मी मागे गेलो आणि घरच्या पत्र्याच्या ट्रंकेतले कागद त्यांच्याशी जुळवले.

सगळ्यात जुना कागद मोडीत होता, कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झालं त्याच्या आधीचा. जाणकाराकडून वाचून घेतला. निघाली कबुलायत: पणजोबांनी दुसऱ्याची जमीन खंडाने कसायला घेतल्याची. वडिलोपार्जित म्हणून आम्ही मिरवतो ती जमीन मुळात आमची नव्हतीच. आम्ही कुळं होतो. पुढे १९४८ चा कुळकायदा आला. १ एप्रिल १९५७, म्हणजे कृषक दिनी, जमीन कसणारं कूळ तिचं मालक मानलं गेलं. कलम ३२ग खाली किंमत ठरली, आजोबांनी हप्ते फेडले आणि ३२म चं प्रमाणपत्र मिळालं. दोन एकर असे आले. उरलेले १६ गुंठे शेजारच्या शेतकऱ्याकडून नोंदणीकृत खरेदीखताने घेतलेले. त्यासाठी आजीने पाटल्या मोडल्या, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. खरेदीखतात नाव फक्त आजोबांचं.

मग आला १९८४ चा फेरफार. आजोबा वारले, अब्बांचं नाव "ए.कु.मॅ." म्हणून लागलं. एकत्र कुटुंब मॅनेजर! ही हिंदू एकत्र कुटुंबाची कल्पना. मुस्लिम कायद्यात असं कुटुंब नाही. माणूस गेला की त्याच क्षणी प्रत्येक वारसाचा हिस्सा ठरतो. तरीही आमच्या घरातल्या कुणीच हरकत घेतली नाही. काही वर्षांनी चाचांनी आपलं नाव लावून घेतलं. फुफींचं कोणी लावलं नाही.

हिशेब करून पाहू. आजोबा गेले तेव्हा मागे आजी, दोन मुलगे, दोन मुली. सूरह निसाप्रमाणे आजीला आठवा हिस्सा, उरलेल्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. ९६ गुंठ्यांपैकी आजीला १२, मुलांना प्रत्येकी २८, मुलींना प्रत्येकी १४. मुलीला निम्मं का, समान का नाही, हा वाद आपण घालायलाच हवा. पण आमच्या घरात तो निम्मा हिस्साही पोचलेला नाही. भाषणात आपण म्हणतो, आमच्यात बाईला चौदाशे वर्षांपासून वारसा आहे. सातबारा वेगळं सांगतो.

कायद्यातही फट आहे. १९३७ च्या शरियत कायद्याच्या कलम २ मधून शेतजमीन वगळली आहे. केरळ आणि तामिळनाडूने दुरुस्ती करून शेतजमीनही त्यात आणली. तशी मागणी आपणही केली पाहिजे. पण बहिणीचं नाव लावायला हा अपवाद कोणाला अडवत नाही. अडवतो तो "त्यांनी मागितलं का" हा प्रश्न.

मी धाकट्या फुफीला विचारलं. ती म्हणाली, "जमीन मागितली तर माहेर तुटतं बेटा." लग्नाआधी याच शेतात तिने भांगलण केली, उसाचा पाला काढला. जो कसतो त्याची जमीन, या तत्त्वावर आम्ही मालक झालो. पण पीकपाहणीत तिचं नाव कधी आलं नाही.

कोणी म्हणेल, १४ गुंठ्यांसाठी एवढं कशाला? विमानतळाच्या विस्तारासाठी आमच्या गावची जमीन संपादित झाली, तेव्हा गुंठ्याची किंमत सगळ्यांना कळली. मोबदला कागदावरचं नाव शोधत येतो.

दिलासा एवढाच की फेरफाराने मालकी निर्माण होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. नाव लागलं नाही म्हणून फुफीचा हक्क आपोआप बुडत नाही. मात्र मंजूर झालेल्या जुन्या नोंदीविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करावं लागतं, उशिराचं कारण द्यावं लागतं, आणि मालकीचाच वाद असेल तर दिवाणी न्यायालय गाठावं लागतं. जितका उशीर, तितकी अडचण.

म्हणून तरुण मित्रमैत्रिणींनो, या सुट्टीत गावी गेलात की सातबारा, आठ अ आणि सगळे फेरफार काढा. आजोबांपासून वारसांची यादी करा आणि कोणाची नावं गळाली ते पाहा. घरात मृत्यू झाला असेल तर तीन महिन्यांत तलाठ्याकडे वर्दी द्या, त्यात मुलींची नावं घाला. कोणी हक्कसोडपत्रावर सही मागितली तर बहिणींनो, आधी पूर्ण वाचा. आणि भावांनो, मय्यतीच्या घरात तो कागद पुढे करू नका.

अब्बांच्या वारस नोंदीत मी अम्मीचं आणि माझ्या बहिणीचं नाव घातलं आहे. फुफींच्या हिश्शावर चाचा अजून तयार नाहीत. मोठी फुफी आता हयात नाही. तिच्या मुलांशी बोलायला मी पुढच्या आठवड्यात इचलकरंजीला जातोय. सोबत फेरफारांच्या नकला आहेत.