संगणकीय खेळातील अपराध आणि शिक्षा

बेंगळुरूच्या दक्षिणेस, होसूर रस्त्यावर वसलेली इलेक्ट्रॉनिक सिटी ही संगणक-प्रणाली घडविणाऱ्यांची वसाहत आहे. इन्फोसिसचे मुख्यालय येथेच आहे आणि महाराष्ट्रातून, बेळगाव भागातून आलेले कितीतरी मराठी तरुण येथे नोकरी करतात. एखाद्या अभियंत्याने परवानगीवाचून कंपनीच्या प्रणालीत फेरफार केला, तर त्याची नोकरी धोक्यात येते. त्याचे येथे कोणाला नवल वाटत नाही. तोच फेरफार संगणकावरील खेळात झाला, की मात्र ‘खेळच तर आहे’ असे म्हणून तो हसण्यावारी नेला जातो. ही सबब आता चालण्यासारखी नाही. २०२३ मध्ये हांगचौ येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत ई-क्रीडेसाठी पदके दिली गेली. भारतातही २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन डावांवर बंदी घातली आणि ई-क्रीडेला मात्र स्पर्धात्मक खेळ म्हणून मान्यता दिली.

ऑक्टोबर २०१८ मध्ये शांघाय येथे ‘काउंटर-स्ट्राइक’ या खेळाची आशियाई स्पर्धा चालू होती. ‘ऑप्टिक इंडिया’ हा भारतीय संघ व्हिएतनामच्या संघाशी खेळत असताना पंचांना एका भारतीय खेळाडूच्या संगणकाची शंका आली. ‘वर्ड’ असे साळसूद नाव दिलेली एक फाइल त्यात आढळली. प्रत्यक्षात ती नेम साधून देणारी प्रणाली होती. पंच तपासणी करीत असतानाच ती दडविण्याचा प्रयत्न झाला. संघ स्पर्धेतून बाद झाला. पुढे ई-क्रीडेतील सचोटीवर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्या खेळाडूवर पाच वर्षांची बंदी घातली. तरुण वयातील पाच वर्षे म्हणजे या खेळात जवळजवळ संपूर्ण कारकीर्दच. तरीही ती शिक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. कारण ही चूक क्षणिक मोहाची नव्हती, त्यामागे तयारी होती.

प्रश्न उरतो तो इतर चौघांचा. त्यांच्यावर कोणताही आरोप सिद्ध झाला नव्हता, तरीही मालकांनी सारा संघच बरखास्त केला. येथे दोन गोष्टींची गल्लत झाली. लबाडीने मिळविलेले यश संघाकडून काढून घेणे न्याय्यच आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमधील रिले शर्यतीत एक सहकारी उत्तेजक द्रव्याच्या चाचणीत दोषी ठरला, तेव्हा उसेन बोल्टलाही २०१७ मध्ये आपले सुवर्णपदक गमवावे लागले. पदक गेले, परंतु बोल्टवर बंदी आली नाही. निकाल संघाचा असतो, अपराध मात्र ज्याचा त्याचा. सहकाऱ्याच्या पापापायी निरपराध खेळाडूची उपजीविका जाणे याला शिस्त म्हणत नाहीत.

दुसरे उदाहरण बेंगळुरूचेच आहे. जून २०२१ मध्ये मदतनिधीसाठी झालेल्या ऑनलाइन बुद्धिबळ सामन्यात उद्योजक निखिल कामथ यांनी विश्वनाथन आनंद यांना हरविले. दुसऱ्याच दिवशी, आपण संगणकाची व जाणकारांची मदत घेतली होती, हे त्यांनी स्वतःच कबूल केले. त्या संकेतस्थळाने बंद केलेले त्यांचे खाते पुढे पुन्हा सुरू केले. सामना मानांकनाचा नव्हता आणि आनंद यांनाही प्रकरण वाढवायचे नव्हते, असे कारण दिले गेले. कारण अगदीच पोकळ नाही. मदतनिधीचा सामना आणि आशियाई स्पर्धा यांना एकच माप लावता येत नाही. तथापि ही सवलत सामन्यानंतर सांगितली गेली, म्हणूनच ती माणूस पाहून दिली असे लोकांना वाटले.

मोठ्या स्पर्धांपाशी निदान लेखी आचारसंहिता असते. महाविद्यालये आणि कंपन्या आपापल्या पातळीवर ज्या स्पर्धा भरवितात, त्यांतही कोणत्या दोषाला कोणता दंड, तो कोण ठरविणार आणि त्यावर दाद कोठे मागायची, एवढे तरी नाव नोंदवतानाच खेळाडूच्या हाती लेखी पडावयास हवे. त्यासाठी एक पानही पुरे होईल.