'थांब' म्हणायची सोय

परवा माझा एक कॉलेजमित्र ऑफशोअरहून परतला. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी, असं त्याचं वेळापत्रक. आमचा अख्खा ग्रुप त्याच्यावर जाम जळतो. निम्मा महिना सुट्टी, आणखी काय हवं माणसाला?

"ये की मग," तो हसत म्हणाला. "फक्त आधी पाण्यात उलटं व्हावं लागेल."

मला वाटलं, फेकतोय. पण नाही! हेलिकॉप्टरने प्लॅटफॉर्मवर जायचं तर एक ट्रेनिंग करावंच लागतं. हेलिकॉप्टरच्या केबिनसारखा सांगाडा तलावात बुडवतात आणि पाण्याखाली चक्क उलटा करतात. आत तुम्ही, पट्टा बांधून. श्वास रोखायचा, एका हाताने खिडकी धरून ठेवायची, केबिन फिरायची थांबली की पट्टा सोडून बाहेर. नाकात पाणी जातं, वर-खाली काही कळत नाही. पण हात मात्र शिकतात.

"हे सोपं असतं गं," तो म्हणाला. "अवघड वेगळंच असतं." आणि मग त्याने मुंबई हायची गोष्ट सांगितली.

26 जुलै 2005 आपल्या सगळ्यांना माहीत आहे. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस, गुडघाभर पाणी, रेल्वे ठप्प. दुसऱ्या दिवशी मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर समुद्रात काय झालं, ते मात्र त्या पुरात वाहूनच गेलं.

'समुद्र सुरक्षा' नावाच्या जहाजावर (नाव बघा!) एका कुकची बोटं कापली गेली. खराब हवेमुळे हेलिकॉप्टर बंद. मग ठरलं, त्याला क्रेनच्या बास्केटमधून ओएनजीसीच्या मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मवर उपचारासाठी पाठवायचं. वाऱ्याच्या आडोशाला असलेली क्रेन बंद होती, म्हणून जहाज वाऱ्याच्या तोंडाकडच्या बाजूने जवळ आलं. जहाज जागेवर स्थिर ठेवणारा एक थ्रस्टरही नीट चालत नव्हता. लाटेने जहाज उचललं आणि ते रायझरवर आदळलं. रायझर म्हणजे समुद्रतळाकडून तेल-गॅस वर आणणारा उभा पाइप. गॅस फुटला, पेटला आणि साधारण दोन तासांत तो अवाढव्य प्लॅटफॉर्म समुद्रात गेला. 384 जणांपैकी 362 वाचले. 22 जण परतलेच नाहीत.

आता यात वेड्यासारखं कोण वागलं, सांगा. जखमी माणसाला लवकर उपचार द्यायचे? बरोबर. हेलिकॉप्टर नाही तर क्रेन? बरोबर. ही क्रेन नाही तर ती? तेही बरोबरच वाटतं! एकेक पायरी शहाणपणाचीच, पण जिना मात्र खाली जाणारा.

1988 साली उत्तर समुद्रात पायपर अल्फावर असंच झालं. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता. त्याचं परमिट वेगळं, पंपाचं वेगळं. रात्री दुसरा पंप बंद पडला. रात्रपाळीला व्हॉल्व्हचा कागद दिसलाच नाही आणि त्यांनी पहिला पंप सुरू केला. 167 माणसं गेली.

म्हणूनच आज ऑफशोअरवर धोक्याच्या कामांना परमिट लागतं आणि पाळी बदलताना अर्धवट राहिलेलं काम समोरासमोर सांगावं लागतं. शिवाय एक भन्नाट नियम : काम धोक्याचं वाटलं तर कोणीही, अगदी नवखा हेल्परसुद्धा, 'थांबा' म्हणू शकतो. मोठ्या साहेबालासुद्धा!

"म्हणतात का पण?" मी विचारलं.

तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "मी एकदा म्हणालो. वारा वाढला होता, क्रेनचं काम थांबवलं. दोन तास सगळे माझ्याकडे बघत बसले. काहीच झालं नाही. दिवसभर वाटत राहिलं, आपण उगाच घाबरलो. पाण्यात उलटं होणं परवडलं, यार."

तेवढ्यावर न थांबता त्याने मे 2021 ची आठवण काढली. तौक्ते वादळाचा इशारा आधीच आला होता, तरी पी-305 बार्ज समुद्रातच राहिला आणि 17 मे रोजी बुडाला. 70 हून अधिक जण गेले. नियम कागदावर असणं आणि कोणाच्या तरी तोंडून बाहेर पडणं, यात एवढं अंतर असतं.

मला एकदम आठवलं. गेल्या आठवड्यात एका ऑफिसात मीटिंगला गेले होते. लिफ्ट बंद, म्हणून मागच्या जिन्याकडे गेले, तर फायर एक्झिटच्या दारापुढे खोक्यांची ही रास! मी काय केलं? खोकी ओलांडली आणि हसून मीटिंगला बसले. पाहुण्याने कशाला बोलायचं?

मित्र गेल्यावर मी तिथे फोन केला. पलीकडून आधी शांतता, मग "ओके मॅडम, बघतो" असा थंड आवाज. फार ऑकवर्ड वाटलं. पुढच्या मंगळवारी पुन्हा तिथे मीटिंग आहे. या वेळी लिफ्ट चालू असली तरी मी जिन्यानेच जाणार आहे.

तुमच्या ऑफिसचा मागचा जिना शेवटचा कधी पाहिलात?