घरचा टीव्ही आणि माळ्यावरचा संगणक

पांढुर्णा आणि सौंसर हा संत्र्यांचा मुलूख. २०२३ साली छिंदवाड्यापासून वेगळे होऊन हे दोन तालुके स्वतंत्र पांढुर्णा जिल्ह्यात आले. येथील मराठी घरांत टीव्ही आता नवलाईचा राहिलेला नाही. काही घरी डेस्कटॉप संगणकही आहे. परंतु मॉनिटर बिघडला की संगणकच संपला असे समजून तो माळ्यावर टाकला जातो, आणि मग मुलांना परीक्षेचा अर्ज भरण्यासाठीही एम.पी. ऑनलाईनच्या दुकानी जावे लागते.

वस्तुतः मॉनिटर हा केवळ पडदा होय. सारे काम पेटीत चालते, आणि पडद्याची उणीव घरचा टीव्ही भरून काढू शकतो. ही युक्ती जुनीच आहे: १९८२ साली इंग्लंडात निघालेला झेडएक्स स्पेक्ट्रम हा छोटा संगणक लोक घरच्या टीव्हीलाच जोडीत असत.

केबल विकत घेण्यापूर्वी दोन्हींची मागची बाजू पाहावी. दोहोंना एच.डी.एम.आय.चे चपटे सॉकेट असेल, तर एका केबलीतून चित्र व आवाज दोन्ही जातात. जुन्या संगणकास बहुधा पंधरा छिद्रांचे व्ही.जी.ए. सॉकेट असते. तसेच सॉकेट टीव्हीलाही असल्यास व्ही.जी.ए. केबल चालेल; आवाजासाठी मात्र निराळी तार लागेल. टीव्हीला केवळ एच.डी.एम.आय. असल्यास साधी केबल उपयोगाची नाही, कारण दोहोंच्या संकेतांची जातच वेगळी. तेथे कन्व्हर्टर हवा, आणि तो एकाच दिशेने चालतो. म्हणून दुकानदारास ‘व्ही.जी.ए.तून एच.डी.एम.आय.कडे’ असे स्पष्ट सांगावे. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर बारीक अक्षरे नीट वाचता येत नाहीत. त्यासाठी खर्च करू नये.

जोडताना दोन्ही यंत्रे बंद असावीत. संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड असल्यास केबल त्याच्याच सॉकेटात लावावी. नंतर रिमोटवरील ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ दाबून, ज्या सॉकेटात केबल आहे त्याचे नाव निवडावे. चित्राच्या कडा कापल्या गेल्या, तर टीव्हीच्या मेनूत चित्राचा आकार बदलावा. अक्षरे अंधुक दिसली, तर संगणकाच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये टीव्हीचे मूळ रेझोल्यूशन ठेवावे; पुष्कळ टीव्हींचे ते १९२० गुणिले १०८० किंवा १३६६ गुणिले ७६८ असते. मोठ्या पडद्यास नाक लावून बसू नये. अंतरावर बसावे व अक्षरे मोठी करून घ्यावीत.

हे सारे अर्ध्या तासाचे काम. खरी कसोटी पुढे आहे. पडदा एक आणि हक्कदार अनेक: ज्या घटकेस आजीची मालिका, त्याच घटकेस नातीचा अभ्यास. जेथे वेळ ठरलेली नसते, तेथे रिमोट ज्याच्या हाती त्याचेच राज्य चालते, आणि बहुधा अभ्यास मागे पडतो. म्हणून आमचे सांगणे इतकेच की, केबल आणण्याच्या आदल्या दिवशी घरातील वडीलधाऱ्यांनी मुलांना जवळ बसवून अभ्यासाचे तास निश्चित करावेत, आणि ते प्रथम स्वतः पाळावेत. केबल थोडक्या पैशांत मिळते; मुलीच्या अभ्यासासाठी मालिका सोडणे मात्र घरच्यांनाच करावे लागते.