पित्ताशय काढल्यानंतर

“दुर्बिणीचं तर ऑपरेशन, चार बारीक टाके, त्यात एवढं काय निजून राहायचं?” असं घरात कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका हं, भगिनींनो. बाहेरून दिसत नसली तरी आतली जखम भरायला वेळ लागतो. पहिले दोन-तीन दिवस खांदाही ठणकतो. तो पोटात भरलेल्या वायूचा त्रास. घरातल्या घरात हिंडलं की कमी होतो.

पित्ताशय गेलं म्हणजे पित्त संपलं, असं मात्र नाही. पित्त तयार होतं यकृतात. आता ते साठून न राहता सारखं आतड्यात झिरपतं, म्हणून तळकट खाल्लं की काहीजणींना जुलाब होतात. सुरुवातीला मऊ भात, साधं वरण, ताक घ्यावं. तेल-तूप बेताबेताने वाढवावं.

हलकी कामं आठवडाभरात जमू लागतात. पण भरलेली बादली, गव्हाचा डबा निदान महिनाभर उचलू नये. पोट उघडून ऑपरेशन झालं असेल तर त्याहून जास्त दिवस. मूल कडेवर येण्यासाठी रडलं तर खाली बसून कुशीत घ्यावं.

ताप आला, डोळे पिवळे दिसले, पोटदुखी वाढत चालली किंवा टाक्यांतून पू आला, तर यजमान कामावरून येईपर्यंत थांबू नका. शेजारणीला घेऊन तडक दवाखाना गाठा.